आदिस अबाबाच्या आधी कोंढवा

आमच्या चर्चच्या मंडळीची डोळे तपासणारी टीम इथिओपियाला जाणार हे ठरलं आणि चष्मे, औषधं, पेट्यांची जमवाजमव सुरू झाली. पण पाळकसाहेबांनी आधी एक अट घातली: ज्यांच्याकडे जायचं त्यांची रीतभात शिकल्याशिवाय कोणीही विमानात बसायचं नाही. पूर्ण प्रवासात तीच तयारी मला सर्वांत मोलाची वाटली.

सुरुवात इतिहासापासून झाली. इथिओपियातल्या जुन्या अक्सूम राज्याचा राजा एझाना चौथ्या शतकातच ख्रिस्ती झाला होता. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, त्याच्या जवळजवळ पंधराशे वर्षं आधी! अशा लोकांकडे शिकवायला नाही, सेवेला आणि पाहुणे म्हणून जायचं, हे तेव्हाच मनात पक्कं झालं.

पुण्यात कोंढव्याला एक इथिओपियन कुटुंब राहतं. एका शुक्रवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. ताईंनी कॉफीच्या हिरव्या बिया धुऊन छोट्या तव्यावर भाजायला घेतल्या. बिया काळपट होऊन तडतडू लागल्या, तशा त्या तवा घेऊन एकेकापुढे आल्या. धूर हातानं आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. मग बिया कुटून, लांब मानेच्या काळ्या मातीच्या जबनामध्ये, म्हणजे सुरईत, कॉफी उकळायची आणि बिनकानाच्या इवल्या कपांत ओतायची. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालतात, त्यामुळे कॉफी फेरीगणिक हलकी होत जाते. तिसरी घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. तेवढ्या वेळात घरचं, शेजारचं, आजारपणाचं सगळं बोलून होतं. "गावात तुमच्या कॅम्पची गोष्टसुद्धा अशीच कॉफीवर काढा," ताई म्हणाल्या.

जेवण उपासाचं होतं. तिथली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध, लोणी काहीच घेत नाहीत. कडक पाळणारे दुपारपर्यंत पाणीही पीत नाहीत. मोठ्या ताटात इंजेरा, म्हणजे टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची जाळीदार मऊ पोळी, आणि त्यावर शिरो, थेट मसालेदार पिठल्यासारखा. सगळ्यांनी एकाच ताटातून, उजव्या हातानं जेवायचं. मध्येच दादांनी एक घास करून माझ्या तोंडात भरवला. ही गुर्शा. तिला नाही म्हणायचं नसतं.

पुणेकराला हे कळायला जड जाऊ नये. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं होतं. कोणाच्या हातचं काय घेतलं, यावर माणसं केवढी जोडली आणि तोडली जातात! गुरुवार पेठेतल्या त्या चर्चवरून जाताना मला हे हमखास आठवतं. इथिओपियातही ख्रिस्ती माणूस सहसा मुसलमानानं कापलेलं मांस खात नाही, आणि मुसलमान ख्रिस्त्यानं कापलेलं. कॅम्पवर दोन्हीकडचे रुग्ण येणार, तेव्हा जेवणात शिरो आणि डाळच ठेवायची, हे आम्ही कोंढव्यात बसूनच ठरवलं.

घड्याळ मात्र तिथे गेल्यावर अंगवळणी पडलं. ते तास सूर्योदयापासून मोजतात; आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वर्ष तेरा महिन्यांचं आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. म्हणून केसपेपरवर जन्मसालाऐवजी सरळ वयच विचारून लिहायचो.

खुपऱ्यांवरच्या, म्हणजे डोळ्यांच्या एका संसर्गावरच्या, गोळ्या वाटायला सुरुवात केली तो नेमका शुक्रवार. रांगेतल्या एका आजोबांनी गोळी हातात घेतली, पण तोंडात टाकायला ठाम नकार दिला. आमचे डॉक्टर समजावायला पुढे सरसावले, तर तिथल्या नर्सताईंनी त्यांना हातानंच थांबवलं. दुपारी तीनला उपास सुटतो, म्हणजे त्यांच्या घड्याळात नऊला. तिनं चिठ्ठीवर मोठ्ठा नऊ काढून दिला आणि आजोबा दुपारी गोळी घेऊन, पुन्हा येऊन तसं सांगून गेले. त्यानंतर बुधवार-शुक्रवारचं गोळ्यांचं वाटप आम्ही दुपारनंतरच ठेवलं.