पान २१४ ते २३१

फोंड्याच्या आमच्या कॉलेजात संदर्भ विभागाचं टेबल अजून आहे, पण प्रश्न तिथे फारसे येत नाहीत. ते रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्या जुलैत मात्र एक प्रश्न भिजलेल्या छत्रीसकट समोर उभा राहिला. तिसऱ्या वर्षाची मुलगी, विषय गोव्याचा १९६७चा जनमत कौल (महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं), मोबाइलमध्ये नऊ संदर्भांची यादी.

"मॅडम, यातलं काहीच मिळत नाही."

हिला शोधता येत नसणार, हे मी मनात ठरवूनही टाकलं. (वीस वर्षांच्या नोकरीचा ताठा, दुसरं काय.) चार संदर्भ मिळाले. उरलेल्या पाचांनी माझी अख्खी दुपार खाल्ली. कॅटलॉग झाला, पीएचडीच्या प्रबंधांची शोधगंगा झाली, दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला फोनही झाला. एका संदर्भातलं नियतकालिक खरं, खंड खरा, लेखकही खरा. शेवटी त्या खंडाचं स्कॅन मिळालं. पान २१४ ते २३१ उघडलं, तर तिथे सहकारी पतपुरवठ्यावरचा लेख!

"ही यादी कुठनं आणलीस गो?"

"चॅटजीपीटीनं दिली."

हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलाच नव्हता. छापील नाव घेऊन कुणी आलं, की ते पुस्तक जगात कुठेतरी असणार, हे गृहीतच. आता तोच माझा पहिला प्रश्न असतो आणि विचारताना पोलिसासारखं वाटतं.

तिला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, तपासायला शिकवलं. मग म्हटलं, पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जा, जुनी वर्तमानपत्रं बघ. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा, 'राष्ट्रमत' विरोधातला, आणि दोन्ही मराठी. ३४,०२१ मतांचा फरक पाठ करण्यापेक्षा हे भांडण वाच.

आठवड्यानं ती परत आली. वर्तमानपत्रांची टिपणं होतीच, वर मोबाइलवर एक रेकॉर्डिंग. ऐंशी पार केलेली तिची आजी सांगत होती: घरात सगळ्यांनी फुलावर, म्हणजे विलीनीकरणावर शिक्का मारला, हिनं एकटीनं गुपचूप विरोधातल्या दोन पानांवर.

"मॅडम, आजीला संदर्भात कसं लिहायचं?"

मुलाखतीची तारीख, गाव, आजीची परवानगी असं एकेक लिहीत बसलो. लायब्ररी बंद करायला शिपाई दोनदा येऊन गेला.