आकडा तोच, गाव वेगळं

दुपारी खंडाळ्याचा घाट चढताना गाडीतलं गाणं कडव्याच्या मध्येच बदलतं. रेडिओवरचा आकडा तोच असतो, ९८.३. निवेदिका वांद्र्याच्या ट्रॅफिकबद्दल सांगत असते, तेवढ्यात खर्रर्र, आणि पुढचं वाक्य थेट पुण्याच्या चांदणी चौकातून येतं. वळण घेतलं की परत वांद्रे. मागच्या सीटवरचं कुणीतरी ‘अरे, नीट लाव की’ म्हणतं. पण लावणार काय? स्टेशन बरोब्बर लागलेलं असतं, फक्त एकाऐवजी दोन.

मिरची, सिटी, रेड या खासगी एफएम स्टेशनांचे आकडे मुंबईत आणि पुण्यात सारखेच. ९८.३, ९१.१, ९३.५. जाहिरातीच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे ते. एकच आकडा दोन्ही गावांच्या फलकांवर रंगवता येतो. भांडण लागतं ते मधल्या डोंगरात. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची आणि चाल जवळपास सरळ, त्यामुळे सह्याद्रीची धार आडवी आली की ती अडते. शिवाय एफएमचा स्वभावच असा की दोन लहरींपैकी जी किंचित जोरदार, ती दुसरीला पार गिळून टाकते. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) दोन स्टेशनं एकमेकांत मिसळून शिट्टी घालायची. इथे मिसळणं नाही, एक तर हे नाहीतर ते. बोगद्यात दोन्ही गप्प.

पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ची. मध्यम लहरींवरचा तिचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे लहर पावणेचारशे मीटरच्या वर; तिला डोंगराचं एवढं कौतुक नाही. रेडिओवरच्या जाहिरातीही या गावाला जुन्याच. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. त्यामुळे ‘खासगी एफएमने रेडिओचा बाजार केला’ असं कुणी म्हणालं की थोडं हसू येतं. बाजार आधीच भरला होता, गाळे नंतर भाड्याने गेले.

आणि गेले तेही धडपणे नाहीच. खासगी एफएम परवान्यांच्या पहिल्या लिलावात ४० शहरांतल्या १०८ जागा मांडल्या होत्या, सुरू झाली जेमतेम वीस-बावीस स्टेशनं. परवान्याचं शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी चढणार, कमाई होवो न होवो. कोण टिकणार? मिरची २००१ मध्ये इंदूरला सुरू झाली, पुणंही त्याच पहिल्या फेरीतलं. पुढच्या फेरीत शुल्क म्हणून उत्पन्नाच्या चार टक्क्यांचा हिशेब आला आणि मग कुठे काटा फिरवण्यात मजा आली. मात्र स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. म्हणून तर ट्रॅफिक, पाऊस आणि पाणीकपात एवढ्या उत्साहाने सांगतात. हे चालतं.

घरात ऐकणाऱ्यांसाठी मात्र काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. खरखर आली की संच अडीच फूट सरकवून बघावा. भिंतींवरून परतलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरीला कुठे मारतात, कुठे साथ देतात, आणि ही वाईट जागा अन् चांगली जागा यांत साधारण पाव लहरीचं, म्हणजे तेवढंच अंतर असतं. एरियल पूर्ण उघडावी. तिची पाऊण मीटर लांबी त्याच हिशेबातली. तरी भागलं नाही तर स्टिरिओ बंद करून मोनो करावं, कारण दुर्बळ लहरीवर स्टिरिओची फोड करताना खरखर कितीतरी वाढते. तीही युक्ती फसली तर जवळचा स्वस्तातला एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर बंद करून बघावा. निम्म्या वेळा गुन्हेगार तोच निघतो, आणि शिव्या खातं स्टेशन.

मोबाइलवर हेडफोनची वायर हीच एरियल. ती गुंडाळून खिशात कोंबली की ऐकू काय येणार? २०२३ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना फोनमधला एफएम सुरू ठेवायला सांगितलं खरं. पण कित्येक नव्या फोनांना वायर लावायचं भोकच उरलेलं नाही.