बोलणाऱ्याला छळणारी भाषा आणि ऐकणाऱ्याला छळणारी

“तुम्हाला दोन्ही येतात ना, मग सांगा, फ्रेंच सोपी की नॉर्वेजियन?” हे विचारणारे बहुतेक दोन तऱ्हेचे असतात. काहींनी अकरावी-बारावीत चांगले मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली असते आणि आता आणखी एखादी भाषा करावी असं त्यांच्या मनात असतं. बाकीच्यांना नॉर्वेत ऑस्लो किंवा स्टाव्हांगरला नोकरी लागलेली असते आणि शाळा-कॉलेजातल्या फ्रेंचचा तिथे काही उपयोग होईल का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. मी फ्रेंच पुण्यात शिकले आणि नॉर्वेजियन ऑस्लोत राहता राहता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: फ्रेंच बोलणाऱ्याला छळते, नॉर्वेजियन ऐकणाऱ्याला.

व्याकरणाचं आधी उरकून टाकू. नॉर्वेजियन क्रियापद माणसागणिक बदलत नाही. मी, तू, ती, आम्ही, ते, सगळ्यांना ‘आहे’साठी एकच ‘एर’. फ्रेंचमध्ये क्रियापदांचे तक्ते घोकायला लागतात, आणि ते संपले असं वाटेपर्यंत सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं वेगळं रूप, येऊन उभं राहतं. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’ आहेत, म्हणजे आपले तू आणि तुम्ही. नॉर्वेत आदरार्थी रूप रोजच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसं झालंय. साठी ओलांडलेल्या वरिष्ठांनाही ‘दू’ म्हणजे ‘तू’च म्हणायचं, तेही पहिल्या नावाने. मराठी जीभ इथे अडखळते, पण तो दोष व्याकरणाचा नाही, संस्कारांचा.

मराठी माणसाला नॉर्वेजियनने दोन गोष्टी फुकट दिल्यात आणि त्या कुठल्याही क्लासात सांगत नाहीत. पहिली, आपली मूर्धन्य अक्षरं. ऑस्लोकडे आणि बऱ्याच पूर्व आणि उत्तर नॉर्वेत र नंतर न, त, द, ल, स आला की दोन्ही मिळून ण, ट, ड, ळ, ष होतात. मुलांना म्हणतात ‘बाण’, नकाशाला ‘काट’, धोकादायकला ‘फाळी’, आणि भाषेचं नावच ‘नॉष्क’. युरोपातल्या माझ्या वर्गमित्रांना जे आवाज काढायला जीभ वळवावी लागायची, ते आपण ‘पाणी’ आणि ‘बाळ’ म्हणताना शिकलेलो असतो. बर्गन, स्टाव्हांगर, क्रिस्टियानसान या पट्ट्यात मात्र ही चैन नाही. तिथला र घशातून येतो, अगदी पॅरिससारखा. तेव्हा स्टाव्हांगरला निघालेल्या फ्रेंचवाल्यांनो, तुमची फ्रेंच एवढ्यापुरती तरी वाया जाणार नाही.

दुसरी गोष्ट आपला ‘आपला’. ‘तो आपल्या बायकोला घेऊन आला’ आणि ‘तो त्याच्या बायकोला घेऊन आला’ यात जुन्या मराठीला फरक कळतो. दुसऱ्या वाक्यात बायको कुणा भलत्याचीच असू शकते. नॉर्वेजियनमध्ये हा फरक सक्तीचा आहे: स्वतःची असेल तर ‘सीन’, दुसऱ्या पुरुषाची असेल तर ‘हान्स’. चुकलात तर समोरचा भुवया उंचावतो. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांना हे समजायला महिने लागतात. फ्रेंच ‘सा फाम’ म्हणते आणि बायको कुणाची ते ऐकणाऱ्यावर सोडते. (आपल्याकडे हल्ली इंग्रजीच्या नादाने ‘त्याने त्याची गाडी काढली’ असं सर्रास लिहितात. नॉर्वेजियन शिकल्यावर ते वाक्य मला चोरीची कबुली वाटायला लागलंय.)

मग फ्रेंच अवघड कुठे? लिहिलेलं आणि बोललेलं यांचा मेळ बसवताना. ‘वाझो’ म्हणजे पक्षी. या शब्दात रोमन अक्षरं सहा, पण त्यांतल्या एकाचाही उच्चार त्याच्या सुट्या आवाजासारखा नाही. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ कानाला सारखंच, ‘इल पार्ल’. लिहिताना दुसऱ्यात आणखी तीन अक्षरं येतात आणि गप्प बसतात. लिंग चुकलं की विशेषणही चुकतं आणि ते लगेच कुणीतरी दुरुस्त करतं. पण हे सगळं अवघड असलं तरी एका जागी आहे. १६३५ साली कार्डिनल रिश्लिय्यने स्थापलेली फ्रेंच अकादमी आजही शब्दकोश काढते. पहिली आवृत्ती १६९४ची, नववी पूर्ण झाली २०२४ मध्ये. कायद्याने तिचा शब्द कुणावर बंधनकारक नाही, तरी ‘बरोबर फ्रेंच’ नावाची वस्तू अस्तित्वात आहे याबद्दल कुणाला शंका नसते. पुण्यातल्या वर्गात शिकलेलं वाक्य फ्रान्समधल्या लिऑंमध्येही चालतं.

नॉर्वेत अशी वस्तूच नाही. क्लासात तुम्ही बूकमोल, म्हणजे पुस्तकी नॉर्वेजियन, शिकता, परीक्षा देता, पास होता. मग ऑफिसात जेवायला बसता आणि टेबलावरचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं. ‘मी’ला पुस्तकात ‘याय’ असतं. बर्गनचा सहकारी म्हणतो ‘एग’, ट्रॉण्डहाइमची बाई म्हणते ‘अॅ’, आणखी कुठे नुसतं ‘ई’. ‘काय’साठी पुस्तकात ‘व्हा’, लोकांच्या तोंडी ‘का’, ‘क्वा’, ‘हॉ’. शिवाय शब्दाला सूर असतो. शेतकरी आणि शेंगा या दोन नॉर्वेजियन शब्दांत बोलताना फक्त चालीचा फरक. आणि हे सगळे जण आपापली बोली संसदेत, रेडिओ-टीव्हीवर, विद्यापीठातल्या व्याख्यानात तशीच बोलतात. परक्यासमोर ‘शुद्ध’ बोलावं असं त्यांना वाटत नाही, कारण बोलण्याचं अधिकृत असं प्रमाण रूपच नाही. प्रमाण आहे ते लिहिण्याचं, आणि तेही एक नाही, दोन.

याचं मूळ इतिहासात आहे. १८१४पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या ताब्यात होता आणि लिखाणाची भाषा डॅनिश होती. त्या डॅनिशला हळूहळू नॉर्वेजियन वळण देत गेलं ते बूकमोल. दुसरी वाट इव्हार ओसेनची. शेतकऱ्याचा हा मुलगा स्वतःच भाषाशास्त्र शिकला, १८४०च्या दशकात गावोगाव फिरून बोली गोळा केल्या, १८४८ला व्याकरण आणि १८५०ला कोश काढला. त्यातून आजची नीनॉष्क आली. १८८५ साली संसदेने दोन्ही रूपांना बरोबरीचा दर्जा दिला. नीनॉष्क लिहिणारे थोडे आहेत, पण २०२३चं साहित्याचं नोबेल मिळालेला यून फॉसे तिच्यातच लिहितो. देशाचं नावसुद्धा दोन तऱ्हांनी लिहितात: नोर्गे आणि नोरेग.

फ्रान्सने उलटी वाट धरली. १५३९च्या फर्मानाने न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. क्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने बोली नष्ट करण्याच्या गरजेवरच अहवाल मांडला. पश्चिम फ्रान्समधल्या ब्रिटनीत तिथली ब्रेतॉन भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात शाळेत शिक्षा म्हणून लाकडी खडावासारखी निशाणी अडकवत. मला विचाराल तर फ्रेंच शिकणं सुटसुटीत वाटतं त्याची किंमत त्या पोरांनी मोजली आहे. ‘पानी’ म्हटलं म्हणून पुण्याच्या वर्गात ज्यांना हसले, त्यांना नॉर्वेत गेल्यावर बरं वाटेल. मात्र नॉर्वेलाही फार डोक्यावर घेऊ नका. स्वतःच्या बोलींना मोकळीक देणाऱ्या याच देशाने उत्तरेकडच्या सामी या आदिवासी समाजाच्या मुलांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा तोडली, आणि संसदेने त्याबद्दल माफी मागितली ती २०२४ मध्ये.

आकड्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फ्रेंच सत्त्याण्णव म्हणजे ‘चार विसा सतरा’. खेड्यातली जुनी माणसं विसांनी मोजताना ऐकली असतील तर तुम्हाला ते सहज समजेल. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडने नव्वदसाठी सरळ ‘नोनांत’ ठेवलं, पॅरिसला ते गावंढळ वाटतं. नॉर्वेजियन लोक पूर्वी आपल्यासारखेच एकक आधी म्हणत, ‘पाच आणि वीस’. टेलिफोन जोडताना घोटाळे होतात म्हणून टेलिफोन खात्याने तक्रार केली आणि १ जुलै १९५१पासून सरकारने क्रम उलटवला: ‘वीस-पाच’. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! नॉर्वेत इतकी वर्षं झाली, तरी म्हातारी माणसं आणि त्यांची नातवंडंही अधूनमधून जुन्या क्रमाने बोलतात आणि कुणी कुणाला टोकत नाही.

तेव्हा उत्तर असं. चार महिन्यांत वाक्यं जुळवून बोलायची असतील तर नॉर्वेजियन. दोन वर्षं मेहनत करून एकदाच नीट पाया घालायचा असेल तर फ्रेंच. नोकरीसाठी ऑस्लोला निघाला असाल तर फ्रेंचची परीक्षा देत बसू नका. क्लास बूकमोलचाच लावा, पण पहिल्या आठवड्यापासून एनआरकेचा, म्हणजे नॉर्वेच्या सरकारी वाहिनीचा, रेडिओ रोज ऐका, तोही बर्गन आणि उत्तर नॉर्वेच्या स्थानिक केंद्रांचा. आणि नॉर्वेजियन माणूस तुमचा अडखळता उच्चार ऐकून नम्रपणे इंग्रजीवर येईल तेव्हा तुम्ही येऊ नका. नागरिकत्वासाठी तोंडी परीक्षा बी-१, म्हणजे मधल्या पातळीची आहे, आणि ती इंग्रजीत होत नाही.