इंग्रजी शब्दांच्या शेपटांचा संग्रह : टप्पा तिसरा

या टप्प्यात एकस्वरी शब्दांचं वर्गीकरण जवळपास हातावेगळं झालं. ‘लाइट’, ‘केक’, ‘बुक’ असे एकाच स्वरावर उभे असलेले शब्द म्हणजे एकस्वरी. शेपूट म्हणजे त्या स्वरापासून अखेरपर्यंतचा भाग. इथे शेपटं अक्षरांच्या नावांनी लिहिली आहेत, उदाहरणार्थ ए-के-ई, आणि शब्द उच्चाराप्रमाणे.

संग्रहाचा मूळ नियम तोच आहे. प्रत्येक शब्दाला दोन शेपटं द्यायची, एक डोळ्याचं आणि एक कानाचं. घर डोळ्याच्या शेपटाने ठरतं, आणि दोन्ही जुळली तरच शब्द त्या घराच्या एका खोलीत जातात. ‘नाइट’ आणि ‘काइट’ कानाला जुळतात, पण एकाचं शेपूट आय-जी-एच-टी आणि दुसऱ्याचं आय-टी-ई, म्हणून घरं वेगळी. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ डोळ्याला जुळतात, कानाला नाही, म्हणून घर एकच पण खोल्या वेगळ्या, म्हणजे घर फुटलेलं. या टप्प्यात एक रकाना वाढवला आहे : कारण. फुटलेल्या प्रत्येक घरापुढे ते का फुटलं हे लिहायचं. संग्रहाला खरी किंमत या रकान्याने येते, कारण अपवाद वाटणारे बहुतेक शब्द एखादा नियमच पाळत असतात.

सामग्री आणि कापणी

कानाच्या शेपटासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश वापरला आहे. त्यात सव्वा लाखाहून जास्त नोंदी आहेत, उच्चार ३९ ध्वनिचिन्हांत दिलेले आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे आघाताचा आकडा आहे : १ मुख्य, २ दुय्यम, ० आघात नाही. शेवटचा १ असलेला स्वर शोधून तिथपासून अखेरपर्यंत कापलं की कानाचं शेपूट मिळतं. कोशात आडनावांची प्रचंड भरती आहे, म्हणून आधी साध्या शब्दयादीशी ताडून फक्त दोन्हीकडे असलेले शब्द ठेवावेत. पर्यायी उच्चारांच्या नोंदींना कंसात आकडा असतो. तो काढून टाका, पण ओळ ठेवा.

डोळ्याचं शेपूट एकस्वरी शब्दात पहिल्या स्वराक्षरापासून सुरू होतं. हे ऐकायला सोपं आहे, पण तीन ठिकाणी कापणी चुकते. क्यूनंतरचा यू स्वर नसतो. तो स्वर धरला तर ‘क्विक’चं शेपूट यू-आय-सी-के निघतं आणि तो ‘ब्रिक’, ‘ट्रिक’पासून तुटतो. ‘गाइड’ आणि ‘गेस’मधला जीनंतरचा यू हीच गडबड करतो. तिसरा वाय : ‘यार्ड’च्या आरंभी तो व्यंजन असतो, ‘स्काय’च्या शेवटी स्वर. तिन्ही अटी कापणीच्या आधीच घालाव्यात, नंतर हाताने दुरुस्त करायला गेलं तर काही ना काही निसटतंच.

शेपटानुसार क्रम लावायची युक्ती जुनी आहे. जॉन वॉकर यांनी १७७५ साली आपला यमककोश शब्द उलटे वाचून, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे असा लावला. लिनक्सवर तेच काम रेव्ह (शब्द उलटणारी), सॉर्ट (क्रम लावणारी) आणि पुन्हा रेव्ह या तीन आज्ञांत होतं. त्याआधी सगळे शब्द लहान लिपीत आणावेत. यादी वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडलेली असेल तर ओळींच्या अखेरीला लपलेलं विंडोजचं जादा चिन्ह काढावं. ते काही ओळींत असेल आणि काहींत नसेल तर शब्द उलटल्यावर ते पहिल्या जागी येतं आणि एकाच शेपटाचे दोन गट दूर दूर पडतात.

कानाचा रकाना देवनागरीत भरू नका. ‘सेल’ लिहिलं की ई-एल-एल आणि ए-एल-ई ही दोन वेगळी शेपटं एक होऊन बसतात. लेखणी आणि वेदना दोन्ही ‘पेन’, ओला आणि थांबणं दोन्ही ‘वेट’. कोशातली ध्वनिचिन्हं तशीच ठेवणं सुरक्षित.

सुरुवात कुठून करावी

नवीन संग्राहकांनी थेट ओ-यू-जी-एचवर उडी मारू नये. वाचनशिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड वायली आणि डोनाल्ड ड्युरेल यांनी १९७० साली ३७ शेपटांची यादी दिली, ज्यांतून मुलांच्या सुरुवातीच्या वाचनातले सुमारे ५०० शब्द तयार होतात. ए-सी-के, ए-के-ई, आय-सी-के, आय-एल-एल, ओ-सी-के, यू-एम-पी ही त्यातलीच. ही घरं आधी भरली की पद्धत हाताखाली येते आणि पुढे काय बिघडतं हे ओळखू येतं.

आय-जी-एच-टी : घर पूर्ण

एकस्वरी १७ शब्द : बाइट म्हणजे किनाऱ्याचं वळण, ब्लाइट, ब्राइट, फाइट, फ्लाइट, फ्राइट, केने सुरू होणारा नाइट, लाइट, माइट, रात्रीचा नाइट, प्लाइट, राइट, साइट, स्लाइट, टाइट, वाइट आणि डब्ल्यूने सुरू होणारा राइट. दोन नाइट आणि दोन राइट एकमेकांचं यमक होत नाहीत, कारण त्यांची सुरुवातही कानाला सारखीच आहे. असे जोड समोच्चारी म्हणून एकाच ओळीत बांधावेत, नाहीतर घराचा आकडा फुगतो.

जी-एच इथे एके काळी खरोखर उच्चारला जायचा, घशातून येणाऱ्या घर्षक ध्वनीसारखा. तो ध्वनी गळाला, आधीचा स्वर लांबला आणि पुढे ‘आइ’ झाला. सगळ्या घरावर एकच बदल सारखा चालल्यामुळे घर शाबूत राहिलं. ‘डिलाइट’मध्ये मात्र हा ध्वनी कधीच नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाला ‘लाइट’च्या नादाने जी-एच चिकटला. तो बहुस्वरी असल्याने पुढच्या टप्प्यात जाईल.

शेजारचं ई-आय-जी-एच-टी वेगळं घर आहे आणि फुटलेलं आहे : ‘एट’, ‘वेट’, ‘फ्रेट’ एका खोलीत, ‘हाइट’ आणि हातचलाखीचा ‘स्लाइट’ दुसऱ्या.

डब्ल्यूचा परिणाम

या टप्प्यातलं सगळ्यात फलदायी काम हे. ए-आर-एमच्या घरात ‘फार्म’, ‘हार्म’, ‘चार्म’ शांतपणे राहतात आणि ‘वॉर्म’, ‘स्वॉर्म’ बाहेर पडतात. ए-आर-डीत ‘कार्ड’, ‘हार्ड’ आत, ‘वॉर्ड’ बाहेर. ए-एस-एचमध्ये ‘कॅश’, ‘क्रॅश’ आत, ‘वॉश’ आणि ‘स्क्वॉश’ बाहेर. ए-एन-डीत ‘हँड’, ‘सँड’ आत, ‘वाँड’ बाहेर. सुटे पाहिले तर हे चार अपवाद वाटतात, पण कारण एकच आहे : डब्ल्यूसाठी ओठ गोल होतात आणि तो गोलावा पुढच्या एला ‘ऑ’कडे ओढतो. क्यू-यूमध्येही डब्ल्यूचाच ध्वनी असतो, म्हणून ‘स्क्वॉश’ आणि ‘क्वॉर्ट’ त्याच रांगेत.

हा नियम एका जागी थांबतो. पुढे के, जी किंवा एन-जीसारखा जिभेच्या मागच्या भागाने निघणारा ध्वनी असेल तर ए जसाच्या तसा राहतो : ‘वॅग’, ‘वॅक्स’, ‘क्वॅक’, ‘ट्वँग’. म्हणूनच ३७च्या यादीतली ए-सी-के आणि ए-एन-के डब्ल्यू येऊनही फुटत नाहीत, आणि ए-टी, ए-एन, ए-पी, ए-एस-एच मात्र फुटतात. ‘स्वॅम’ या नियमात बसत नाही. त्याच्यापुढे ‘खरा अपवाद’ अशी खूण आहे.

ओ-आरवर परिणाम वेगळा : ‘लॉर्ड’ पण ‘वर्ड’, ‘स्टॉर्म’ पण ‘वर्म’, ‘कॉर्क’ पण ‘वर्क’, ‘नॉर्थ’ पण ‘वर्थ’. तलवारीचा ‘सॉर्ड’ इथे मोठा साक्षीदार आहे. त्यात डब्ल्यू लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, आणि तो ‘लॉर्ड’शी जुळतो, म्हणजे परिणाम अक्षराचा नसून ध्वनीचा. ‘वोर्न’ आणि ‘स्वोर्न’ ही भूतकाळी रूपं मात्र या बदलातून सुटलेली आहेत.

ओ-व्ही-ई, ओ-एम-ई आणि मंडळी

ओ-व्ही-ईत तीन खोल्या : ‘लव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘शव्ह’. ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’. ‘स्टोव्ह’, ‘ड्रोव्ह’, ‘ग्रोव्ह’. शेक्सपिअर यांच्या ११६व्या सुनीतात ‘लव्ह’ आणि ‘रिमूव्ह’ यमकाच्या जागी आहेत. आज ते डोळ्याचंच यमक उरलं आहे. ‘लव्ह’, ‘सम’, ‘कम’, ‘सन’ म्हणजे मुलगा, यांत ओ का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण हस्तलिखितांचं आहे : यू, एन, एम, व्ही सगळेच उभ्या रेघांनी लिहिले जायचे, लागोपाठ आले की वाचता येईनात, म्हणून लेखनिकांनी यूच्या जागी ओ घातला. उच्चार तसाच राहिला.

‘हॅव’, ‘गिव्ह’ आणि जगणं या अर्थाचा ‘लिव्ह’ यांचं कारण आणखी साधं आहे. इंग्रजी लेखनात शब्द व्हीवर संपवत नाहीत, म्हणून शेवटी ई लागतोच. तो ई आधीचा स्वर लांबवायला आलेला नाही, म्हणून ‘केव्ह’ आणि ‘हॅव’ जुळत नाहीत.

ओ-ओ-डी

‘फूड’, ‘मूड’. ‘गुड’, ‘वुड’, ‘हुड’, ‘स्टुड’. ‘ब्लड’, ‘फ्लड’. तिन्ही खोल्यांचा स्वर एके काळी दीर्घ ‘ऊ’ होता. ‘ब्लड’चा लवकर ऱ्हस्व झाला आणि पुढे बहुतेक ऱ्हस्व उकारांबरोबर ‘अ’कडे सरकला. ‘गुड’चा उशिरा ऱ्हस्व झाला, तोवर ती लाट ओसरली होती. ‘फूड’चा झालाच नाही. कारणाच्या रकान्यात फक्त ‘लवकर’, ‘उशिरा’, ‘नाही’ एवढं लिहिलं तरी घर समजतं. ई-ए-डीतही ‘ब्रेड’, ‘थ्रेड’, ‘स्प्रेड’ ऱ्हस्व झालेले आणि ‘बीड’, ‘प्लीड’ न झालेले.

ओ-यू-जी-एच

इथे घर नाही, चाळ आहे. ‘रफ’, ‘टफ’. ‘कॉफ’, ‘ट्रॉफ’. ‘दो’, ‘डो’. ‘थ्रू’ एकटा. ‘बाउ’, ‘प्लाउ’. घशातला तोच ध्वनी काही शब्दांत गळाला, काहींत ‘फ’ झाला. पण याच शेपटाला टी लावून पाहा : ‘बॉट’, ‘ब्रॉट’, ‘फॉट’, ‘सॉट’, ‘थॉट’, ‘रॉट’ सगळे एका सुरात, फक्त ‘ड्राउट’ वेगळा. ए-यू-जी-एच-टीचं तसंच : ‘कॉट’, ‘टॉट’, ‘फ्रॉट’ एकत्र, ‘ड्राफ्ट’ असा उच्चारला जाणारा एकच फुटीर.

उच्चारपद्धत एकच ठेवा

ए-एस-एसचं घर अमेरिकी उच्चारात जवळपास अखंड आहे. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात ‘ग्रास’, ‘ग्लास’, ‘क्लास’ एकीकडे आणि ‘मॅस’, ‘लॅस’ दुसरीकडे. ए-एन-टीतही ‘प्लांट’, ‘ग्रांट’ आणि ‘रँट’, ‘पँट’ अशी फाळणी होते. दोन उच्चारपद्धतींच्या नोंदी एकाच रकान्यात आल्या तर नसलेली फूट दिसू लागते. हौस असेल तर दुसऱ्या पद्धतीसाठी वेगळा रकाना करावा.

राहिलेलं काम

दोन उच्चारांच्या शब्दांना दोन ओळी द्यायच्या आहेत : ‘विंड’ आणि ‘वाइंड’, ‘लेड’ आणि ‘लीड’, ‘टेअर’ आणि ‘टिअर’, ‘बो’ आणि ‘बाउ’, ‘रो’ आणि ‘राउ’. ओळीची ओळख शब्द अधिक उच्चार अशी ठेवावी, नुसत्या शब्दावर ठेवली तर दुसरी ओळ पहिलीला पुसते.

पुढे बहुस्वरी शब्द. तिथे आघात नसलेलं शेपूट ढिलं पडतं : ‘स्टेज’ आणि ‘व्हिलेज’ यांचं डोळ्याचं शेपूट एक, पण दुसऱ्यातलं जवळजवळ ‘इज’. ए-टी-ईत क्रियापद असताना ‘एट’ आणि विशेषण असताना ‘इट’, जसं ‘सेपरेट’मध्ये. त्यासाठी शब्दाच्या जातीचा रकाना आधी भरावा लागेल. त्याच्याही आधी ई-ए-आर : ‘निअर’, ‘क्लिअर’, ‘फिअर’ एका खोलीत, ‘बेअर’, ‘पेअर’, ‘वेअर’, ‘स्वेअर’ दुसऱ्या खोलीत लागले आहेत. त्यापुढे टी, टी-एच आणि डी लागलेली शेपटं, म्हणजे ‘हार्ट’, ‘अर्थ’, ‘हार्थ’, ‘हर्ड’ आणि ‘बिअर्ड’ यांची घरं, अजून मांडायची आहेत.