सात जानेवारीचा नाताळ

६ जानेवारी, इंदूर

आज रात्री इथिओपियात नाताळ. आमच्याकडे तो उरकून पंधरवडा होत आला, फराळाचे डबे रिकामे झाले, दारावरचा कंदील आईने माळ्यावर टाकला. तरी दुपारी मी पुन्हा कढई चढवली. तिळाचं सारण, तेलाचं मोहन. आई ओट्याशी उभी राहून म्हणाली, "अगं, खोबरं नाही, तूप नाही, ही कसली करंजी?" मग पहिली तळून निघाली ती तिनेच उचलली.

ही करंजी तिकडची आहे. आदिस अबाबाच्या दक्षिणेला मिशनच्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून होते, तिथे ती घडली. तिथल्या पंचांगाप्रमाणे प्रभूचा जन्मदिवस आपल्या सात जानेवारीला येतो आणि त्याआधी त्रेचाळीस दिवसांचा उपास असतो, संदेष्ट्यांचा उपास. मांस, अंडी, दूध, लोणी, सगळं बंद. हा उपास पंचवीस नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे आमचा नाताळ नेमका त्या उपासातच पडायचा. हॉस्पिटलच्या जेवणघरात रोज शिरो. हरभऱ्याचं नाहीतर वाटाण्याचं पीठ, त्यात बर्बेरे नावाचा लाल मसाला. चवीला थेट आपल्या पिठल्याची सख्खी बहीण. सोबत टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेला आंबटसर, जाळीदार इंजेरा. एकाच मोठ्या ताटाभोवती सगळ्यांनी बसायचं आणि शेजारच्याच्या तोंडात एक घास आपल्या हाताने भरवायचा. त्याला गुर्शा म्हणतात. पहिल्यांदा कोणी मला भरवला तेव्हा मला नगरची आजी आठवली आणि डोळे भरून आले.

पंचवीस डिसेंबर तिकडे कामाचा दिवस. ओपीडीबाहेर पहाटेपासून रांग, बाळंतिणी, जळालेली मुलं, मलेरिया. बाहेरून आलेले आम्ही मोजकेच. आमच्यासाठी संध्याकाळी उपासना ठेवायची असं ठरलं, पण वॉर्ड कोण सांभाळणार? तिथल्या नर्सेसनी मेट्रनकडे जाऊन स्वतःच सांगितलं की यांना आज सोडा, आम्ही थांबतो. उपास त्यांचा, सकाळपासून पोटात अन्न नाही (बऱ्याचजणी दुपारपर्यंत काहीच खात नसत), त्यात दिवसभराची ड्यूटी झालेली, आणि वर आमची रात्रपाळी.

केरळच्या सिस्टरने केक करायला घेतला आणि अर्ध्यावर थांबली. अंडी आणि लोणी घातलं तर वॉर्डात थांबणाऱ्या एकीलाही तो चालणार नव्हता. तिने मग नुसत्या तेलावर केक केला. मी करंज्यांचं मनावर घेतलं. खोबरं मिळेना, तीळ मात्र बाजारात हवे तितके. रात्री ताट घेऊन वॉर्डात गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, यात दूध आहे? नाही म्हटल्यावर जी हसली ती मुलगी मला अजून दिसते. उपासना संपल्यावर त्यांच्यासाठी मी टिळकांचा एक अभंग वॉर्डाच्या दारात उभी राहून म्हटला. नारायण वामन टिळकांची पदं आमच्या घरात आजीपासून चालत आलेली; चर्चमध्ये इथे हिंदी उपासना, पण मराठी गाणी घरात कोणी सोडली नाहीत.

सहा जानेवारीच्या रात्री पाळ्या उलट झाल्या. तिथल्या नर्सेस नेतेला नावाची पांढरी शाल पांघरून, हातात मेणबत्त्या घेऊन चर्चला गेल्या आणि वॉर्डात आम्ही. दुसऱ्या दिवशी उपास सुटला. डोरो वॉट म्हणजे कोंबडीचा रस्सा, त्यासाठी रीतीप्रमाणे कोंबडीचे बारा तुकडे करतात, रश्श्यात उकडलेली अंडी सोडतात. त्याचा डबा एका सिस्टरच्या आईने आमच्यासाठी पाठवला. मग जमिनीवर गवत पसरून, धूप घालून, समोर कच्च्या बिया भाजून कॉफी. तीन फेऱ्या होईपर्यंत उठायचं नाही.

मला हे लिहून ठेवायचंच होतं, कारण परदेशी सेवेला गेलेल्यांच्या गोष्टी नेहमी गेलेल्यांच्याच बाजूने सांगितल्या जातात. आपल्या इंदुरातही तसंच. १८७७ साली कॅनडाचे मिशनरी इथे आले, १८८४ साली डॉक्टर एलिझाबेथ बीटी आल्या, दोन वर्षांनी मॅरियन ऑलिव्हर. घरदार हजारो मैल टाकून आलेल्या या बायकांबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांच्या पहिल्या नाताळच्या संध्याकाळी रुग्णांजवळ कोण बसलं असेल? इंदूरचीच कोणी बाई असणार, बहुधा ख्रिस्ती नसलेली. तिने पाणी पाजलं असेल, कंदिलाची वात वर केली असेल. माझ्या हिशेबी ती सेवाच, आणि तितकीच मोठी. मी स्वतः तिकडे दिलं त्याहून घेतलं जास्त, हे मी मनापासून म्हणते.

इथे कामावर हे रोजचंच आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी थांबते, पंचवीस डिसेंबरला माझ्याऐवजी देशपांडेताई थांबतात, ईदला आम्ही दोघी. यादी लावताना कोणाला सांगावं लागत नाही. त्या गावात जाऊन आल्यावर मात्र ही यादी मी जास्त प्रेमाने लावते.

करंज्यांचा एक डबा देशपांडेताईंना ठेवलाय. उद्या फोन करायचाय. तिकडे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे "एक वाजता कर" म्हणजे त्यांचे सकाळचे सात, इंदूरचे साडेनऊ. दुपारची शिफ्ट असल्याने निवांत बोलता येईल. तोवर सगळ्या चर्चमधून परतून कोंबडी खायला बसलेल्या असतील. त्यांनी तोच अभंग मागितलाय. आईला पेटीवर बसायला सांगितलंय, ती आतापासून सूर लावून बघतेय.