मुंबई हायचा चुनखडक

मुंबई हाय म्हटलं की लोकांना समुद्राखाली तेलाचं तळंच दिसतं, पण तसं नसतं हो, १९७४ साली सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने शोधलेलं ते तेल मायोसीन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातल्या चुनखडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं आहे. एकाच कोअरमध्ये, म्हणजे विहीर खोदताना काढलेल्या दगडाच्या लांबट नमुन्यात, इथे सुईच्या टोकाएवढी भोकं आणि दोन बोटांवर अगदी घट्ट दगड, म्हणून शेजारच्या तेलविहिरीवरून अंदाज बांधणं फार अवघड. विहीर मंदावली की साधारण १५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडतात, ते फसफसत चुना खातं, गांडुळाच्या बिळासारख्या वाटा पाडतं आणि तेलाला रस्ता मिळतो. मला ही रीत मनापासून आवडते. फक्त वेग सांभाळायला हवा, फार हळू सोडलं तर अ‍ॅसिड तोंडाशीच संपतं, भलत्या थरात गेलं तर तेलाऐवजी पाणीच वर येतं.