लिटल हंटिंग क्रीकची अडीच हजार एकर : वॉशिंग्टन घराण्याचा माग, आतापर्यंतची नोंद

या आठवड्यात एकदाची साखळी जुळली. व्हर्जिनियातल्या लिटल हंटिंग क्रीकवरची अडीच हजार एकर जमीन १६७४ पासून १७६१ पर्यंत कुणाकडून कुणाकडे गेली, त्यातली एकही कडी आता सुटलेली नाही. ही जमीन म्हणजे पुढचं माउंट व्हर्नन आणि घराणं जॉर्ज वॉशिंग्टनचं. इतकं गाजलेलं घराणं मी मुद्दाम घेतलं. जुने कागद वाचायला शिकायचं तर असंच घराणं बरं, चुकलं की लगेच पडताळून पाहता येतं. शिवाय मी राहते फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा), म्हणजे जमीन आणि कोर्ट दोन्ही घराजवळच.

पहिले दोन महिने मी नावांच्या मागे लागले आणि तिथंच अडकले. या घराण्यात जॉन, लॉरेन्स आणि ऑगस्टीन हीच नावं फिरून फिरून येतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याला काही नवी नाही, पण इथं ती फारच झाली आहे. मूळ पुरुष जॉन, जॉर्जचा पणजोबा. तंबाखूच्या व्यापाराला आलेल्या जहाजावर तो अधिकारी होता. १६५७ च्या सुमारास जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतलं आणि जॉन इथंच राहिला. पुढच्या वर्षी नॅथॅनियल पोपच्या मुलीशी, ॲनशी, त्याचं लग्न झालं आणि सासऱ्यानं मॅटॉक्स क्रीकवरची ७०० एकर जमीन दिली. मागाहून जॉनचा भाऊ लॉरेन्स आला. जॉनचा एक मुलगा लॉरेन्स, एक जॉन. भावाचाही मुलगा जॉन. नातू पुन्हा जॉन. नुसत्या नावांवरून वंशावळ मांडली असती तर मी चुलत्यालाच बाप करून बसले असते.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्युनियर-सीनियर दिसलं की बापलेक समजायचं नाही. एका भागात एका नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, मग तो चुलता असो नाहीतर परका. 'कझिन' हा शब्द पुतण्यालाही वापरलेला सापडतो आणि 'सन-इन-लॉ' म्हणजे कित्येकदा जावई नसून सावत्र मुलगा असतो.

मग मी नावं बाजूला ठेवली आणि जमीन धरली. गावाकडे माझे काका वाटणीचा गुंता सोडवताना हेच करायचे. माणसांबद्दल कुणी काही सांगितलं की म्हणायचे, "गट नंबर सांग, फेरफार काढू." माणूस नाव बदलतो, गाव सोडतो, दोन लग्नं करतो. जमीन जागची हलत नाही.

हलते ती काउंटीची हद्द, आणि तिथंच बहुतेकांचा माग तुटतो. लिटल हंटिंग क्रीकची ही जमीन आधी वेस्टमोरलँडमध्ये मोडायची. १६६४ ला स्टॅफर्ड काउंटी वेगळी झाली, १७३१ ला प्रिन्स विल्यम, १७४२ ला फेअरफॅक्स. शेत तेच, पण कागद चार कोर्टांत. त्यातून स्टॅफर्डची बरीच दप्तरं यादवी युद्धात गेली. तेव्हा कुठल्याही जमिनीचा शोध घेण्याआधी त्या जागेचं कोर्ट कुठल्या साली कुठलं होतं, हा तक्ता करून भिंतीवर लावा. माझे आठ दिवस केवळ तो तक्ता नसल्यामुळे वाया गेले.

आता कागदांकडे. १६७४ ला जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर या दोघांना मिळून पाच हजार एकर मंजूर झाली. हा मुलूख पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या दोन नद्यांमधला. त्याला नॉर्दर्न नेक म्हणतात आणि तो इंग्लंडच्या राजानं काही सरदारांना बहाल केलेला होता, म्हणून तिथल्या जमिनीच्या सनदा उरलेल्या व्हर्जिनियापेक्षा वेगळ्या वह्यांत शोधाव्या लागतात. १६९० ला पाच हजारांची निम्मी-निम्मी वाटणी झाली. जॉन तोवर वारला होता. जॉनचा निम्मा वाटा त्याचा मुलगा लॉरेन्सकडे आला.

लॉरेन्सच्या मृत्युपत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तारीख ११ मार्च १६९७, आणि कोर्टात शाबीत झालं ३० मार्च १६९८ ला. मी वहीत लिहून टाकलं की मृत्युपत्र करून माणूस वर्षभर जगला असणार. साफ चूक. त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे आपल्या हिशेबानं तो ११ मार्च १६९८ झाला, आणि दोन तारखांमध्ये वर्ष नव्हतं, १९ दिवस होते. अंथरुणाला खिळलेल्या, जेमतेम अडतिशीच्या माणसानं लेकरांची सोय लावली होती. एवढं कळल्यावर तोच कागद मी पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि वेगळाच वाटला. १७५२ च्या आधीच्या कागदावर जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च दिसला की थांबायचं, दोन्ही वर्षं लिहायची: १६९७/९८. जॉर्जच्या जन्माची जुनी तारीख ११ फेब्रुवारी १७३१ आणि नवी २२ फेब्रुवारी १७३२. त्यातलं वर्ष बदललं ते यामुळेच; अकरा दिवसांचा फरक मात्र १७५२ ला इंग्रजांनी कॅलेंडर बदललं त्याचा.

या मृत्युपत्रात हंटिंग क्रीकची अडीच हजार एकर मिळते ती मुलांपैकी सगळ्यात लहान मिल्ड्रेडला. मुलीला जमीन! मी दोनदा वाचून खात्री केली. मुलगी लग्न करून गेली की आडनाव बदलतं आणि इथंच माग सुटतो, म्हणून यापुढं ग्रेगरी हे आडनाव शोधावं लागतं. १७२६ च्या खतावर रॉजर ग्रेगरी आणि त्याची बायको मिल्ड्रेड या दोघांची नावं आहेत. जमीन तिच्या माहेरची, त्यामुळे नवऱ्याला एकट्याला विकता येत नव्हती. घेणारा तिचाच भाऊ ऑगस्टीन, म्हणजे जॉर्जचा बाप, किंमत १८० पौंड.

खरेदीखत वाचताना एक ध्यानात घ्या. त्या काळी व्हर्जिनियात जमीन विकताना दोन दिवसांत दोन खतं व्हायची. पहिल्या दिवशी वर्षभराचा भाडेपट्टा, नावापुरत्या पाच-दहा शिलिंगांचा. दुसऱ्या दिवशी मालकी सोडल्याचं खत, आणि खरी किंमत त्यात. नुसतं पहिलं पान हाती लागलं तर जमीन भाड्यानं दिली होती असाच समज होतो. पान उलटायला विसरू नका.

ऑगस्टीन १७४३ ला वारला. ही जमीन थोरल्या मुलाला, लॉरेन्सला, आणि ११ वर्षांच्या जॉर्जला रॅपाहॅनॉकच्या काठचं घर-शेत. लॉरेन्सनं ज्याच्या हाताखाली लढला त्या ॲडमिरल व्हर्ननच्या नावावरून जागेला माउंट व्हर्नन म्हटलं. १७५२ ला तोही गेला. त्याच्या मृत्युपत्रात बायको ॲनला हयातीपर्यंत उपभोग, मग मुलगी सेरा, आणि ती निपुत्रिक गेली तर जॉर्ज. सेरा १७५४ ला गेली. ॲननं तोवर दुसरं लग्न केलं होतं. तिच्याकडून जॉर्जनं जागा भाड्यानं घेतली, वर्षाला पंधरा हजार पौंड वजनाचा तंबाखू देऊन. ॲन १७६१ ला वारली तेव्हा कुठे तो मालक झाला. सात वर्षं तो स्वतःच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरात भाडेकरू होता, आणि हे चरित्रातून नव्हे, भाडेपट्ट्यातून समजतं.

मोजणीबद्दल थोडंसं, कारण मला त्यात फार गोडी लागली आहे. चतुःसीमा इथंही झाडांवरून आणि ओढ्यांवरून सांगतात: अमुक पांढऱ्या ओकपासून अमुक दिशेला इतके पोल, तिथून ओढ्याच्या काठाकाठानं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आलेख कागदावर कोनमापक घेऊन बसल्यावर सहज डोक्यात आलं की आपला गुंठा तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे बरोब्बर दोन पोल बाय दोन पोल. एकरात १६० चौरस पोल, आपले ४० गुंठे. इंग्रजांनी एकच माप दोन्हीकडे नेलं. त्या दिवसापासून मी चौरस पोलांना चारनं भागते आणि जमीन डोळ्यांसमोर उभी राहते. शेजारच्या एका छोट्या तुकड्याची आकृती मात्र काही केल्या मिटेना, शेवटची रेघ पहिल्या ओकपाशी पोचेचना. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी लक्षात आलं की नक्कल करणाऱ्या कारकुनानं एका ठिकाणी उत्तरेच्या जागी दक्षिण लिहिली आहे. ती फिरवली, रेघ ओकवर येऊन टेकली.

जमिनीची साखळी इथं पुरी झाली, पण त्याच कागदांत आणखी माणसं आहेत आणि त्यांच्याकडे डोळेझाक करून पुढं जाणं मला जमणार नाही. प्रत्येक मृत्युपत्रात जमिनीच्या, गुरांच्या, पलंगांच्या जोडीनं गुलामांची नावं येतात, आडनावाशिवाय. जॉर्जनं जुलै १७९९ मध्ये स्वतःच्या हातानं २९ पानी मृत्युपत्र लिहिलं. ते आजही फेअरफॅक्सच्या कोर्टात आहे. बायको मार्थाच्या मृत्यूनंतर आपल्या गुलामांना मोकळं करा असं त्यात आहे. त्याच सुमाराला त्यानं केलेल्या यादीत माउंट व्हर्ननवर ३१७ माणसं होती. त्याची स्वतःची १२३. मार्थाच्या पहिल्या नवऱ्याकडून आलेली १५३. बाकीची भाड्यानं आणलेली.

हा १५३ चा आकडा एका न लिहिलेल्या कागदामुळे आहे. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ ला मृत्युपत्र न करता वारला. कायद्यानं विधवेला तिसरा हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. तिच्यामागे तो कस्टिसच्या वारसांकडे परत जायचा, त्यामुळे त्या माणसांना सोडायचा अधिकार जॉर्जलाही नव्हता आणि मार्थालाही नव्हता. यादीत आयझॅक सुतार जॉर्जच्या रकान्यात आहे आणि त्याची बायको किटी मार्थाच्या हिश्श्याच्या रकान्यात. मूल आईच्या बाजूला मोजलं जायचं, म्हणून मुली किटीच्या रकान्यात. जॉर्ज गेल्यावर मार्थानं स्वतःच्या मृत्यूपर्यंत न थांबता १ जानेवारी १८०१ ला नवऱ्याच्या गुलामांना मोकळं केलं. आयझॅक सुटला. किटी आणि मुली राहिल्या, आणि १८०२ च्या मे महिन्यात मार्था वारल्यावर तिच्या हिश्श्याची माणसं चार नातवंडांत वाटली गेली.

ते पान माझ्या टेबलावर आहे. त्यावर बोट ठेवून मी आयझॅकपासून किटीपर्यंत रेघ ओढली, पेन्सिलीनं. पुढचं काम चारही नातवंडांचे वाटे वेगळे काढायचं: माणसं गेली ती ठिकाणं आर्लिंग्टन, वुडलॉन, जॉर्जटाउन, प्रत्येक ठिकाणचं कोर्ट निराळं. पुन्हा तक्ता करायचा आहे. या वेळी जमीन नाही, किटीच्या मुलींची नावं धरून जायचं आहे. कुणाला मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या वाचायची सवय असेल तर वाचायला सोबत या. शनिवारी सकाळी बसते आहे.